ओरानियनबाउमचा चिनी महाल : चीन न पाहिलेल्यांनी सजवलेलं चीन

नदीकाठ

सेंट पीटर्सबर्गला जाणारी आपली मंडळी हर्मिटेज, पीटरहॉफची कारंजी आणि त्सारस्कोये सेलोची अंबर खोली उरकतात आणि परत फिरतात. पीटरहॉफच्या पुढे, फिनलंडच्या आखाताच्या काठाकाठाने आणखी थोडं गेलं की ओरानियनबाउम लागतं. तिथवर फारसं कोणी जात नाही. तिथल्या बागेत तळ्यासमोर एक बुटका, लांबट आणि बाहेरून बऱ्यापैकी साधा महाल आहे. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेट हिने तो १७६२ ते १७६८ या काळात अंतोनियो रिनाल्दी या इटालियन वास्तुविशारदाकडून उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधून घेतला. म्हणतात त्याला चिनी महाल. बाहेर उभं राहून बघितलं तर नावाचा पत्ता लागत नाही. वळलेली छपरं नाहीत, ड्रॅगन नाहीत, छपराच्या कोपऱ्यांना घंटा नाहीत. चीन आहे ते सगळं आत.

आणि आतलं चीनही बहुतेक चीनचं नाही! काढणारे हात इटालियन आणि रशियन, त्यातल्या कोणीही चीन पाहिलेलं नव्हतं. अठराव्या शतकात युरोपातल्या दरबारांना चीनचं वेड लागलं होतं. चीनमधल्या कँटन बंदरातून जहाजांनी येणारी चिनी मातीची भांडी, लाखेच्या पेट्या, पंखे, हाताने रंगवलेले भिंतीचे कागद यांच्यावरून एक देश कल्पनेनेच उभा केला गेला. या शैलीला शिनवाझरी म्हणतात. त्या देशात सगळे छत्र्या घेऊन फिरतात, पाण्यात नसलेले मासे पकडतात, झाडाएवढे पक्षी असतात आणि कोणालाही काही काम नसतं.

जागेचा इतिहास मजेशीर आहे. १७४३ मध्ये ही इस्टेट कॅथरीनच्या होणाऱ्या नवऱ्याला, प्योत्र फ्योदोरोविचला मिळाली. तो इथे खेळण्यातला वाटावा असा किल्ला बांधून सैनिकांची कवायत घेत बसे. पुढे तो तिसरा प्योत्र म्हणून गादीवर आला आणि सहा महिन्यांत, जून १७६२ च्या अखेरीस, बायकोने त्याला खाली खेचलं. बंड झालं तेव्हा शेवटी तो इथेच येऊन अडकला, इथेच शरण आला, आणि आठवडाभरात रोप्शाला मेला. कॅथरीनने त्याच वर्षी, त्याच आवारात, त्याच रिनाल्दीला आपला महाल बांधायला सांगितला. नवऱ्याचा छोटा महालही रिनाल्दीनेच बांधलेला. तो अजून उभा आहे, आणि त्यातसुद्धा फ्योदोर व्लासोव्ह नावाच्या रशियन कारागिराने केलेली चिनी ढंगाची लाखचित्रं आहेत. म्हणजे नवराबायकोचं एकमेकांशी पटलं नाही तरी चीनवर एकमत होतं.

आता मुद्द्याचं दालन. काचमण्यांची खोली. भिंतींवर बारा मोठे पडदेवजा फलक आहेत. पार्श्वभूमी दुधी काचेच्या बारीक नळ्यांची, आडव्या ओळींत एकाला एक लागून बसवलेल्या. नळ्यांची संख्या वीस लाखांच्या वर सांगतात. त्या पार्श्वभूमीवर जाड, लव असलेल्या रेशमी धाग्याने पक्षी, झाडं, पूल आणि फुलं भरलेली. पक्षी असे की कुठल्याही पक्षीनिरीक्षकाला ओळखता येऊ नयेत. शेपूट मोराची, तुरा भलत्याचाच, आणि चोच कोणाची ते देवालाच ठाऊक. चकाकी मात्र झगमग नाही. काच दुधी आहे, त्यामुळे खिडकीतून येणारा उजेड ओळींवरून घरंगळतो आणि आपण दोन पावलं सरकलो की भिंतीचा रंग हलतो. जवळ गेलं की ओळी दिसतात, लांबून फक्त उजेड.

काच आली कुठून? मिखाईल लोमोनोसोव्ह, रशियाचा मोठा शास्त्रज्ञ, याने १७५३ मध्ये जवळच उस्त-रुदित्सा इथे रंगीत काचेचा कारखाना काढला होता. या नळ्या तिथल्या, असं मानलं जातं. भरतकाम नऊ रशियन जरदोजी कारागिरणींनी केलं आणि त्यांच्यावर देखरेख होती मारी द शेल या बाईची. ही पूर्वी फ्रेंच नाटक कंपनीत नटी होती. मूळची जमीनही रंगीत काचेची होती, ती एकोणिसाव्या शतकात काढून लाकडी केली.

थोरली चिनी खोली याच्या अगदी उलट, गडद. भिंतीभर वेगवेगळ्या लाकडांच्या पातळ कापांची जडणघडण करून चिनी देखावे केलेत. माणसांचे चेहरे आणि हात वॉलरसच्या दाताचे. छतावर सेराफिनो बारोत्सीचं चित्र, विषय युरोप आणि आशियाचं मीलन. आणि या सगळ्याच्या मधोमध इंग्लिश बनावटीचं कोरीव बिलियर्ड टेबल!

मला या महालात चीन सापडत नाही आणि त्याचं काही वाईटही वाटत नाही. आवडतं ते असं की इथे कोणी 'हेच खरं चीन' असा दावा केलेला नाही. पण हे मत सगळ्यांना पटेलच असं नाही, म्हणून धागा काढला. बोला.

रंधा

नदीकाठ, लाकडाबद्दल आणखी लिहायला हवं होतंत. मी सुतारकीतला माणूस, या महालाच्या जमिनींचे फोटो बघत कित्येक वेळ घालवलाय. प्रत्येक दालनाची फरशी वेगळी. रिनाल्दीने एकेका खोलीचा नकाशा स्वतंत्र काढला होता. आधी जमिनी बनावट संगमरवराच्या होत्या, त्या थंडीदमटीत टिकल्या नाहीत, म्हणून १७७० च्या दशकात लाकडाच्या केल्या. महोगनी, एबनी, गुलाबी लाकूड, पामचं लाकूड असले परदेशी प्रकार आणि जोडीला तिथलं ओक, बर्च, मेपल.

यात खरी गोम काय, तर प्रत्येक लाकूड दमट हवेत वेगवेगळं फुगतं. शिसवाची आणि सागाची पट्टी शेजारी बसवून एक पावसाळा जाऊ द्या, कळेल. आणि हा महाल समुद्रकाठी, हिवाळ्यात रिकामा. अशा जागी चारपाच जातींचं लाकूड कागदाइतक्या पातळ कापात बसवायचं आणि ते अडीचशे वर्षं टिकायचं, हे बघून माझी बोलती बंद झाली.

मिरचीठेचा

सगळं छान. पण मला एक सांगा, ही बाई चौतीस वर्षं गादीवर होती, आणि या महालात सगळे मिळून अठ्ठेचाळीस दिवस राहिली असं वाचलंय. अठ्ठेचाळीस! रात्रीचा मुक्कामही दर वेळी नाही, बऱ्याचदा दुपारी यायचं, पाहुण्यांना खोल्या दाखवायच्या, जेवायचं, पत्ते कुटायचे आणि संध्याकाळी निघायचं. त्यासाठी नऊ बायकांनी डोळे फोडून वीस लाख नळ्या ओवायच्या. जमिनीला बांधलेल्या कुळांच्या घामावर चाललेला दरबार तो. आपण 'वा वा काय नाजूक काम' म्हणत बसतो.

सुईदोरा

मिरचीठेचा, डोळे फुटतात हे खरंच आहे, माझे फुटलेत :) आरी वर्कचे ब्लाउज करते मी. या नळ्यांना आमच्याकडे बाजारात 'पाइप' म्हणतात. एक पाइप टाकायचा तर टाका त्याच्या लांबीएवढाच पडायला लागतो. कमी पडला तर पाइप उभा राहतो, जास्त पडला तर डुलतो आणि धाग्यावर काचेची कड घासून धागा तुटतो. गळ्याच्या पट्टीवर दोन ओळी सरळ आल्या तर गिऱ्हाईक खूश. इथे माणसाच्या दुप्पट उंचीच्या फलकावर आडव्या ओळी सरळ ठेवल्यात. आणि सगळ्या नळ्या एका जाडीच्या नसणार, हाताने ओढलेली काच ती. म्हणजे बसवण्याआधी निवडाव्या लागल्या असणार. तांदूळ निवडतात तसं.

नदीकाठ दादा, एक विचारायचं होतं. लव असलेला रेशमी धागा म्हणजे शेनील ना? त्याने भरल्यावर पक्षी कपड्यापासून वर उचलून येतो. काच गार, चपटी आणि त्यावर हा मऊ फुगीर पक्षी, ही कल्पना कोणाची असेल ती असो, बाईला कळत होतं. आणि त्या नऊ जणींपैकी एकीचंही नाव लिहून ठेवलेलं नाही का कुठे?

नदीकाठ

सुईदोराताई, हो, शेनीलच. नऊ जणींपैकी एकीचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. मला ठाऊक आहे ते फक्त देखरेख करणाऱ्या नटीचं.

मिरचीठेचा, अठ्ठेचाळीस दिवसांचा आकडा मीही वाचलाय. तुमचा राग रास्त आहे. पण न राहिल्यामुळेच तो वाचला, हेही खरं. जिथे रोज राजघराणं राहतं तिथे दर पिढीला नवी फॅशन येते आणि जुनं सगळं उखडलं जातं. इथे एकोणिसाव्या शतकात काही बांधकाम वाढवलं, पण आतल्या खोल्या बऱ्याचशा जशा होत्या तशा राहिल्या.

दुसरं कारण युद्ध. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी पीटरहॉफ घेतलं, त्सारस्कोये सेलो घेतलं. अंबर खोली उखडून नेली ती आजतागायत सापडली नाही, आता आहे ती नव्याने घडवलेली. ओरानियनबाउमभोवती मात्र सोव्हिएत सैन्याने एक पट्टा धरून ठेवला. मागे समुद्र, त्यातल्या क्रोनश्टाट बेटावरच्या सोव्हिएत तोफांचा आधार, बाकी तिन्ही बाजूंनी शत्रू. जानेवारी १९४४ मध्ये लेनिनग्राडचा, म्हणजे तेव्हाच्या पीटर्सबर्गचा, वेढा उठवणारा हल्ला सुरू झाला, त्यातला एक मारा याच पट्ट्यातून झाला. त्यामुळे त्या परिसरातल्या बाकीच्या राजवाड्यांमध्ये तुम्ही विसाव्या शतकात नव्याने उभारलेलं बघता, आणि इथे अठराव्या शतकातलं मूळ. मोठ्या दालनाच्या छतावर व्हेनिसच्या तिएपोलो या चित्रकाराचं चित्र होतं, मार्स या रोमन युद्धदेवाच्या विश्रांतीचं. ते मात्र युद्धाच्या धामधुमीत गेलं.

चहाबाज_नाना

धागा वाचून राहवलं नाही. एक गोष्ट सुटतेय. फ्रान्स किंवा इंग्लंडला चीन समुद्रापलीकडे होतं. रशियाची तर हद्द लागून होती! १७२७ च्या तहानंतर क्याख्ता या सरहद्दीवरच्या गावात दोन्हीकडचे व्यापारी समोरासमोर बसून सौदे करत. तिकडून चहा, रेशीम, सुती कापड आणि रेवाचिनी. हो, तीच आजीच्या बटव्यातली. तिच्या व्यापारावर रशियन सरकारची मक्तेदारी होती, इतकी ती पोट साफ करायला युरोपभर विकली जायची. इकडून सायबेरियातली फर जायची. उंटांचे आणि घोड्यांचे तांडे महिनोन् महिने चालत चहा मॉस्कोला आणायचे.

म्हणजे खऱ्या चिनी माणसाशी रोज हिशेब करणारा देश, आणि त्याची राणी आपल्या महालात चीन मागवते ते इटलीहून. याचं मला फार हसू येतं. क्याख्त्याच्या व्यापाऱ्याला बोलावून विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की बाई, तिकडे माणसं छत्रीखाली बसून मासे धरत नाहीत, घासाघीस करतात.

नदीकाठ

नाना, अगदी. पण तिला क्याख्त्याचं चीन नकोच होतं ना. तिला पॅरिसमध्ये चालणारं चीन हवं होतं. ती व्होल्तेरशी पत्रव्यवहार करायची, आणि व्होल्तेरच्या मते चीन म्हणजे शहाण्या अधिकाऱ्यांनी चालवलेलं आदर्श राज्य. नवऱ्याला हटवून गादीवर आलेल्या जर्मन राजकन्येला आपण सुसंस्कृत युरोपातल्याच आहोत हे दाखवायची घाई होती. चिनी खोली हा त्यातला सोपा मार्ग. व्हिएन्नात होती, पॉट्सडॅमला होती, स्टॉकहोमजवळ द्रोटनिंगहोमला तर राजाने राणीला १७५३ मध्ये वाढदिवसाला अख्खा चिनी मंडप भेट दिला होता.

डॅन्यूबकाठची_सासुरवाशीण

व्हिएन्नाचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की शोनब्रुन ठरलेलं. हाही उन्हाळी राजवाडाच, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा. त्या घराण्यातल्या मारिया तेरेसा राणीला पूर्वेकडच्या वस्तूंचं इतकं वेड की जगातल्या हिऱ्यांपेक्षा तिला तिकडची लाखेची कामं प्रिय होती. लहान गॅलरीच्या दोन बाजूंना दोन चिनी खोल्या आहेत, एक गोल आणि एक लंबगोल. आणि १७६५ मध्ये नवरा गेल्यावर तिने त्याच्या आठवणीसाठी एक खोली करून घेतली, बीजिंगहून आलेल्या काळ्या लाखेच्या फलकांची. सोनेरी नक्षी, अक्रोडाच्या चौकटी, मधे नवऱ्याचं चित्र. शिनवाझरी म्हणजे नुसती गंमत असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या खोलीत उभं राहून बघावं. दुःखाला तिने काळा चिनी रंग दिलाय.

पण मला खरं लिहायचंय ते तिथल्या 'मिलियन' खोलीबद्दल. गुलाबी लाकडाच्या भिंती, त्यावर सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी, आणि चौकटींत चक्क आपली मुघल लघुचित्रं! दरबार, शिकार, बागेतल्या बायका. आणि ती सबंध लावलेली नाहीत. चौकटी वेड्यावाकड्या आकाराच्या, म्हणून राजघराण्यातल्या मंडळींनी चित्रं कात्रीने कापून, तुकडे जोडून त्यांत बसवली. एका बादशहाचं डोकं आणि शेजारी भलत्याच चित्रातला हत्ती. पहिल्यांदा बघताना पोटात कालवलं.

आणखी एक. रेम्ब्राँने मुघल चित्रांवरून काढलेली वीसेक रेखाटनं शिल्लक आहेत. त्यातली काही या भिंतीवरच्या चित्रांशी जुळतात असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे ती चित्रं हॉलंडमार्गे आली असावीत. रेम्ब्राँने समोर ठेवून नक्कल केली, आणि शंभर वर्षांनी इथे कात्री चालली.

मिरचीठेचा

बघा! तरी म्हणतो. नदीकाठ म्हणतात दावा नाही. इथे तर सरळ कापाकापी.

नदीकाठ

मी ओरानियनबाउमबद्दल म्हणालो होतो, शोनब्रुनबद्दल नाही :) आणि हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. रिनाल्दीच्या माणसांनी चीन मनाने रचलं. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. व्हिएन्नात खऱ्या वस्तू होत्या, खरी चित्रं होती, आणि त्यांना सजावटीचा कच्चा माल समजलं गेलं. त्या काळच्या दरबाराला चीन, जपान, हिंदुस्थान यात फारसा फरकही वाटत नसे, सगळं एकाच कपाटात. बनावट चीनची मला चीड येत नाही. अस्सल चित्राला लावलेल्या कात्रीची येते.

रंधा

काळ्या लाखेचा विषय निघालाय तर एक तांत्रिक गोष्ट. चीन-जपानची लाख म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख नव्हे. ती तिकडच्या एका झाडाचा चीक असते. कच्चा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि तो वाळतो म्हणजे दमट हवेत कडक होतो. पातळ थर द्यायचा, दमट कपाटात ठेवायचं, घासायचं, पुन्हा थर. हा चीक ताजा लागतो, जहाजातून महिनोन् महिने आणून चालत नाही. म्हणून युरोपातल्या कारागिरांनी नक्कल केली ती राळ आणि चपडा विरघळवून. आणि चपडा जायचा कुठून? हिंदुस्थानातून! आपल्या पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरच्या किड्यांची लाख. बनावट चिनी कपाटांच्या चकाकीत आपलाही हिस्सा आहे.

चहाबाज_नाना

क्या बात है रंधा. हे स्वतंत्र धाग्याचं सामान आहे.

उलटसुलट

आतापर्यंत सगळे युरोपातून चीनकडे बघताहेत. उलटही झालंय. चिएनलुंग बादशहाने, कॅथरीनच्या समकालीनाने, बीजिंगच्या बाहेर आपल्या युआनमिंगयुआन या उन्हाळी राजवाड्याच्या एका कोपऱ्यात युरोपीय महाल बांधून घेतले. आराखडे जेझुइट पाद्र्यांचे, त्यात जुझेप्पे कास्तिल्योने हा इटालियन चित्रकार मुख्य. संगमरवरी खांब, बारोक कमानी, कारंजी, चक्रव्यूहासारखी भिंतींची बाग. एका कारंज्याभोवती बारा राशींच्या प्राण्यांची काशाची डोकी होती, त्यांच्या तोंडातून पाळीपाळीने पाणी उडायचं. युरोपातल्या कारंज्यात नागड्या देवता असतात, त्या तिथे चालण्यासारख्या नव्हत्या म्हणून प्राणी.

त्यालाही युरोप बघायचा नव्हता, घरच्या बागेत त्याची गंमत हवी होती. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ते सगळं लुटलं आणि इंग्रजांनी आग लावली. त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. त्या प्राण्यांच्या डोक्यांपैकी काही लिलावांत निघाली, आणि सात चीनला परत मिळाली आहेत. पाश्चात्त्य महालांचे दगडी खांब अजून तिथे पडलेत, लाकडी चिनी इमारती जळून गेल्या. म्हणून आज चिनी माणूस आपल्या अपमानाची खूण म्हणून जे अवशेष दाखवतो ते नेमके इटालियन धाटणीचे.

गिरगावकर_ठाकूरद्वार

उलटसुलट, जबरदस्त. मुंबईचा धागाही जोडून देतो. कँटनशी कापूस आणि अफूचा व्यापार करणारे पारशी व्यापारी परत येताना बायकांसाठी रेशमी भरतकाम आणायचे, त्यातून गारा साड्या आल्या. चिनी कारागीर मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या मापाने आणि आवडीने भरून द्यायचे. पूल, पॅगोडे, बगळे, पिओनीची फुलं, सगळं साडीच्या काठात. म्हणजे कँटनचा कारागीर गिऱ्हाईक बघून चीन विकत होता. युरोपला वेगळं, मुंबईला वेगळं. त्याला कोणी भाबडा समजू नये.

सुईदोरा

गाऱ्यातला तो गाठीगाठीचा बारीक टाका मी एका जुन्या साडीवर भिंगाने बघितलाय. तासाला किती होत असेल कोण जाणे. हा धागा आता माझ्या कामाच्या वेळेवर उठलाय, पण सोडवत नाही.

नेवाकाठचा_एमबीबीएस

मी इथे पीटर्सबर्गला डॉक्टरकी शिकतोय, मूळ लातूर. आमच्या होस्टेलची पोरं ओरानियनबाउमला जातात ते महालासाठी नाही, लांब बाग आणि स्वस्त तिकीट म्हणून. बाल्टिक स्टेशनवरून लोकल असते, तासाभरात पोचतो. गावाचं नाव नकाशात लोमोनोसोव्ह दिसेल, १९४८ मध्ये बदललंय, पण स्टेशन अजून ओरानियनबाउमच. त्यामुळे नवखे गोंधळतात.

महालाबद्दल महत्त्वाचं. तो फक्त उन्हाळ्याच्या दिवसांत उघडा असतो आणि पाऊस असला, हवा दमट असली की बंद ठेवतात. आत हीटिंग नाही आणि सगळं मूळचं आहे. पीटर्सबर्गचा उन्हाळा आणि पाऊस म्हणजे काय ते विचारू नका. कोरडा दिवस बघून निघा, निघण्याआधी संग्रहालयाच्या साइटवर बघून घ्या. बंद मिळाला तर तिथेच बागेत निळापांढरा 'घसरगुंडी मंडप' आहे, तोही रिनाल्दीचाच. त्याच्या वरच्या मजल्यावरून अर्ध्या किलोमीटरची लाकडी घसरगुंडी निघायची आणि दरबारी लोक चाकांच्या गाड्यांत बसून खाली यायचे. घसरगुंडी गेली, मंडप आहे.

मिरचीठेचा

अर्धा किलोमीटर घसरगुंडी?? आता या बाईवर रागवायचं कसं ते सांगा.

रंधा

लातूरकर भाऊ, काचमण्यांच्या खोलीतली जमीन जवळून बघता आली तर बघा, आणि जमलं तर कडेच्या पट्टीचा फोटो टाका. फ्लॅश नको.

नेवाकाठचा_एमबीबीएस

नक्की काका. परीक्षा संपू द्या. जमिनीवर चालू देतात की कापडी चपला घालायला लावतात तेही विचारून सांगतो.